अठ्ठावीस की सव्वीस? सायकलवर माल नेणाऱ्यांसाठी चाकाचा हिशोब

सायकलच्या दुकानात गिऱ्हाईक शिरले की पहिला प्रश्न किमतीचा असतो आणि दुसरा रंगाचा. चाक केवढे, टायर किती रुंद, हे विचारणारा विरळाच. शाळा-कॉलेजची मुले सायकल चालवतात तोवर त्यात फारसे बिघडत नाही. पण ज्याच्या कॅरिअरवर साड्यांचे गाठोडे, पावाची पेटी किंवा भंगाराचे पोते बांधलेले असते, त्याचे पोटच त्या दोन चाकांवर चालते. त्याने रंग पाहून सायकल घेतली तर पहिल्या पावसाळ्यातच त्याला हिशोब चुकता करावा लागतो.

आम्ही कापडवाले. सायकल विकणे किंवा दुरुस्त करणे हा आमचा धंदा नव्हे. तरी हा विषय आमच्या गादीपर्यंत येतो, कारण सकाळी आमच्याकडून माल उचलून खेड्यापाड्यांत फिरणारे फेरीवाले तो उधारीवर नेतात आणि विक्रीतून पैसे फेडतात. पॉवरलूमची एक साडी चारशे-साडेचारशे ग्रॅमची धरली तरी शंभर साड्यांचे गाठोडे चाळीस-पंचेचाळीस किलोचे होते. माणूस साठ किलोचा, जुन्या पद्धतीची लोखंडी सायकल वीसेक किलोची. म्हणजे सव्वाशे किलो, आणि त्यातले निदान ऐंशी-पंच्याऐंशी किलो एकट्या मागच्या चाकावर. वाटेत रिम वाकली तर त्या माणसाचा बाजार बुडतो आणि आमच्या वहीतली रक्कम पुढच्या आठवड्यावर जाते. मोटारसायकली घरोघर आल्या हे खरे, पण ज्याच्या दिवसाच्या कमाईत पेट्रोल बसत नाही तो आजही सायकलवरच आहे.

रस्त्याचा प्रकार एकच असता तर प्रश्न सोपा होता. २००० साली पंतप्रधान ग्रामसडक योजना सुरू झाली आणि बऱ्याच गावांपर्यंत डांबर पोहोचले. पण डांबर संपते तिथे गावातले काँक्रीट लागते, त्याच्या कडेला चार बोटांची पायरी असते, पुढे वाडीवर जायला मुरूम आणि खडी, आणि शेताच्या बांधावर काळी माती. एकाच फेरीत या चारही जमिनी लागतात. सायकल निवडायची ती या चौघींपैकी सर्वांत वाईट जमिनीकडे पाहून, मात्र सर्वांत जास्त अंतर कोणत्या जमिनीवर कापायचे आहे हे न विसरता. याच दोन टोकांमध्ये चाकाचा आणि टायरचा सारा हिशोब बसतो.

आकड्यांचा घोळ

आधी आकडे समजून घेऊ, कारण नुकसानीची सुरुवात तिथूनच होते. सायकलच्या टायरवर २६, २८, २९ असे जे इंच लिहिलेले असतात, ते रिमचे माप नव्हे. एके काळी हवा भरलेल्या टायरची बाहेरची उंची तेवढी असे, एवढाच त्याचा अर्थ. टायर बदलले, रुंदी बदलली, नाव मात्र तेच राहिले. परिणामी एकाच '२६' या नावाखाली निदान चार वेगवेगळ्या रिमा जगात चालतात.

खरे माप टायरच्या कडेला बारीक अक्षरांत असते. दोन आकडे आणि मध्ये आडवी रेघ. उदाहरणार्थ ४०-६३५. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. आयएसओ ५७७५ या आंतरराष्ट्रीय प्रमाणातली ही पद्धत आहे. दुसरा आकडा जुळला तरच टायर रिमचा, नाही तर नाही. बाकी सारे बोलणे.

आपल्याकडची जुनी रॉड-ब्रेकची सायकल, जिला मंडळी नुसती 'मोठी सायकल' म्हणतात, तिचा टायर २८ × १½, म्हणजे ६३५. युरोपातून येणाऱ्या टायरवरही २८ लिहिलेले असते, पण तो बहुधा ६२२ चा असतो. त्यालाच ७०० सी म्हणतात, आणि आज २९ म्हणून जी सायकल विकली जाते तिची रिमसुद्धा ६२२ चीच. ६३५ आणि ६२२ मध्ये फरक अवघा १३ मिलिमीटरचा, आणि हाच फरक घातक आहे. आमच्याकडे येणाऱ्या एका फेरीवाल्याच्या भाच्याने नवी सायकल घेतली होती. टायर फाटला तेव्हा एका दुकानदाराने 'अठ्ठावीसच आहे ना' म्हणून त्यावर २८ × १½ चढवून दिला. टायर हाताने सहज चढला म्हणून दोघेही खूश. पूर्ण हवा भरताच टायरची एक बाजू रिमबाहेर आली आणि ट्यूब फटाक्यासारखी फुटली. चालत्या सायकलवर हे झाले असते तर? टायर फार सहज चढत असेल तर खूश होऊ नये, आकडा पाहावा.

सव्वीसचा घोळ याहून मोठा. २६ × १⅜ म्हणजे ५९०. २६ × १½ म्हणजे ५८४. २६ × १¾ म्हणजे ५७१. आणि गिअरच्या, जाड टायरच्या सायकलींचा २६ × १.७५, १.९५ किंवा २.१२५ हा सारा ५५९. पावणेदोन आणि १.७५ हे शाळेतल्या गणितात एकच, सायकलच्या दुकानात मात्र दोन वेगळ्या वस्तू. अमेरिकेतले शेल्डन ब्राउन नावाचे नामांकित सायकल मिस्त्री, जे २००८ साली वारले, त्यांनी याचा नियमच करून ठेवला होता: एका टायरवर माप अपूर्णांकात आणि दुसऱ्यावर दशांशात असेल, तर हिशोबाने ते सारखे निघाले तरी एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

या घोळात दुकानदार बांधवांच्या फायद्याची एक गोष्टही दडलेली आहे. '२७.५' या नव्या नावाने जी सायकल दहा-बारा वर्षांपासून जोरात आहे तिची रिम ५८४ ची, म्हणजे जुन्या २६ × १½ चीच. फ्रान्समध्ये हेच माप ६५० बी या नावाने कित्येक दशके चालत आले. माप जुनेच, नाव नवे. अर्थात रुंदी वेगळी असल्यामुळे बारीक टायर रुंद रिमवर बसवू नये, पण अडल्यावेळी काय कुठे बसेल हे ज्याला ठाऊक आहे तो गिऱ्हाईक परत पाठवत नाही. दुकानात फळीवर इंचांच्या चिठ्ठ्यांऐवजी ६३५, ६२२, ५९०, ५८४, ५५९ अशा चिठ्ठ्या लावल्या तर नवशिका पोऱ्यासुद्धा चूक करणार नाही.

रुंदी आधी, उंची नंतर

लोक सायकल घेताना चाकाच्या उंचीवर भांडतात. आमच्या मते मिश्र रस्त्यावर आधी रुंदी ठरवावी.

बारीक आणि दगडासारखा कडक टायर हलका चालतो, हा समज फार जुना. गुळगुळीत रस्त्यावर त्यात थोडे तथ्य आहे. खडीवर मात्र गोष्ट उलटते. कडक टायर प्रत्येक खड्यावर चढतो, म्हणजे सव्वाशे किलोचा सारा बोजा तेवढा वर उचलला जातो आणि परत आदळतो. ही उचल कोणाच्या पायातून येते? रुंद आणि थोडा नरम टायर खडा पोटात घेतो, बोजा जागच्या जागी राहतो. दमणूक कमी, कॅरिअरचे नट सैल होणे कमी, तारा तुटणे कमी.

पण नरम ठेवायला टायर रुंदच हवा. बारीक टायरमध्ये हवा कमी केली तर खड्ड्यात रिम थेट दगडाला टेकते आणि ट्यूबला सापाच्या दातासारखी दोन भोके पडतात. मुरमात किंवा वाळूत चाक किती रुतेल तेही हवेवरच ठरते. टायर जमिनीला जेवढ्या जागेवर टेकतो ती जागा म्हणजे ढोबळमानाने भार भागिले हवेचा दाब. मागच्या चाकावर ८५ किलो आणि हवा ५० पौंड, म्हणजे चौरस सेंटीमीटरला साडेतीन किलो, तर टेकलेली जागा सुमारे २४ चौरस सेंटीमीटर. हवा कमी तर जागा जास्त, आणि जागा जास्त तर रुतणे कमी. म्हणून भार वाढला की रुंदी वाढवायची, नुसती हवा वाढवत जायचे नाही.

हवा किती भरावी हे बहुतेक जण अंगठ्याने दाबून ठरवतात. आम्हाला त्याहून बरी वाटलेली रीत अशी. सायकल मोकळी असताना मागच्या रिमच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर पट्टीने मोजावे. मग माल बांधून, माणूस बसवून परत मोजावे. टायरच्या उंचीत साधारण १५ टक्के घट आली तर हवा ठीक. ४० मिलिमीटरच्या टायरला ही घट ६ मिलिमीटर, ५० च्या टायरला साडेसात. टायरच्या कडेला छापलेल्या कमाल दाबापर्यंत हवा भरूनही घट पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त राहिली, तर तो टायर त्या बोजासाठी बारीक आहे असे समजावे आणि मोठी रुंदी पाहावी. पुढच्या चाकावर भार कमी असतो, तिथे हवाही कमी हवी. दोन्ही चाकांत सारखी हवा मारून देणारा मिस्त्री पंपाचा दांडा जास्त चालवतो एवढेच.

इथे आमच्या धंद्याची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. टायर हा रबराचा म्हणतात, पण भार पेलते ते आतले कापड. जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ साली हवेच्या टायरचे पेटंट घेतले तेव्हा आत विणलेले कापडच होते. विणलेल्या कापडात ताणा आणि बाणा एकमेकांवरून जातात. चाक फिरताना दर फेऱ्याला ते एकमेकांना घासतात आणि धागा आतूनच कापला जातो. म्हणून पुढे बाणा काढून टाकला. धाग्यांचा एक थर तिरका एका बाजूला, दुसरा थर तिरका दुसऱ्या बाजूला, मध्ये रबर. आजही सायकलच्या टायरची बांधणी अशीच, फक्त सुताच्या जागी नायलॉन आले.

एका इंचात किती धागे, त्याला टीपीआय म्हणतात. आम्ही रीड-पिक विचारल्याशिवाय तागा घेत नाही, तसेच हे. धागे कमी तर ते जाड, टायर ताठ, जड पण काट्याकुट्याला दमदार. धागे जास्त तर ते बारीक, टायर लवचीक आणि हलका चालणारा, पण कडेने लवकर फाटणारा. बोजा वाहणाऱ्याला साठच्या आतबाहेरचा टायर पुरे. १२० च्या पुढचे शौकिनांना लखलाभ. आणि कापडात जशी चलाखी चालते तशी इथेही चालते: ६० धाग्यांचे तीन थर एकत्र मोजून डब्यावर १८० छापणारे आहेत. थर किती आणि एका थरात धागे किती, हे वेगवेगळे विचारावे.

या धाग्यांवरचा ताण हवेच्या दाबावर अवलंबून असतो तसा टायरच्या रुंदीवरही. २५ मिलिमीटरच्या टायरमध्ये ८० पौंड आणि ५० च्या टायरमध्ये ४० पौंड हवा असेल तर कापडावरचा ताण सारखाच पडतो. रुंद टायरमध्ये कमी हवा पाहून 'टायर बसलाय' म्हणून ठासून भरणारे लोक टायरच्या कापडावर नाहक दुप्पट ताण टाकतात.

रुंद टायरची बाजू घेणारा सर्वांत गाजलेला माणूस आमच्याच धंद्यातला निघावा याची आम्हाला गंमत वाटते. फ्रान्समधल्या सेंतेतियेन शहरातले पॉल द व्हिव्ही हे मूळचे रेशमाचे व्यापारी. हे शहर रेशमी फितींसाठी प्रसिद्ध. त्यांनी १८८७ साली तिथे सायकलचे दुकान काढले, मासिक चालवले आणि 'व्हेलोसिओ' या नावाने लिहून डोंगराळ, दगडी रस्त्यांसाठी गिअर आणि लहान चाकावर जाड टायर यांचा हट्ट धरला. शर्यतवाल्यांनी त्यांची टर उडवली. ते १९३० साली वारले. आज जगभर खडीच्या रस्त्यांसाठी म्हणून ज्या सायकली निघतात त्यांचे टायर पाहिले की त्या रेशीमवाल्याचा हट्ट आठवतो.

चाकाची उंची

मोठे चाक खड्ड्यात कमी पडते, काँक्रीटच्या पायरीवर सहज चढते. २८ × १½ चे चाक हवा भरून सुमारे ७१५ मिलिमीटर उंच, २६ × १.९५ चे सुमारे ६६०. बैलगाडीच्या रस्त्यावर इंग्रजी पद्धतीची मोठी सायकल इतकी वर्षे टिकली ती उगीच नव्हे. तिच्या मागच्या चाकाला ४० तारा आणि पुढच्या चाकाला ३२, ही जुनी इंग्रजी वाटणी बोजासाठी उत्तम. नव्या सायकलींना दोन्हीकडे ३६ किंवा ३२ असतात.

दुसऱ्या बाजूने, चाक लहान तर तार आखूड, आणि आखूड तारेचे चाक बाजूच्या धक्क्याला जास्त मजबूत. कॅरिअर खाली येतो, त्यामुळे उभ्या सायकलवर गाठोडे बांधताना आणि वळताना तोल राहतो. २९ ची सायकल आखूड बांध्याच्या माणसाला मालासकट उभी धरणेच अवघड जाते. दुकानात मोकळी चालवून पाहिली तेव्हा हे कळत नाही.

चढावर काय होते? पुढे ४४ दाते आणि मागे १८ धरले तर पायडलच्या एका फेऱ्यात २८ × १½ ची सायकल सुमारे साडेपाच मीटर जाते, २६ × १.९५ ची सुमारे ५ मीटर. म्हणजे लहान चाक चढाला थोडे सोपे. पण केवळ चढासाठी कोणी चाक बदलू नये. त्याच मोठ्या सायकलला मागे २० दात्यांचे फ्रीव्हील टाकले तर तीही पाच मीटरच्या आत येते, आणि हा खर्च चाकाच्या मानाने किरकोळ.

जुन्या सायकलला नवे चाक बसवण्याचा मोह अनेकांना होतो. रॉड-ब्रेकच्या सायकलचे ब्रेक रिमला खालून वर खेचून पकडतात आणि ती रिमच वेगळ्या आकाराची असते. तिथे ५५९ चे चाक घातले तर रिम ३८ मिलिमीटर खाली जाते, ब्रेक पोहोचतच नाही. शिवाय सायकल बुटकी होऊन पायडल दगडाला लागते ते वेगळेच. ज्या सायकलला डिस्क ब्रेक आहेत तिथे ब्रेकची अडचण नसते, मात्र चिमट्यात जागा पाहावी लागते.

ही जागा काळ्या मातीच्या मुलखात फार महत्त्वाची. पहिल्या पावसानंतर ती माती टायरला चिकटते, चिमटा आणि मडगार्डमध्ये साचते आणि चाक जाम होते. टायर आणि मडगार्ड यांच्यात अंगठा सहज फिरेल एवढी फट हवी. मोठ्या सायकलला ती असते, नव्या घट्ट बांधणीच्या सायकलींना कित्येकदा नसते. म्हणून चिमट्यात मावेल तेवढा जाड टायर ठासू नये, एक माप कमी घ्यावे. काही जण चिखलाला कंटाळून मडगार्डच काढतात. कापडाच्या फेरीवाल्याला ते परवडणार नाही. शिंतोडा उडालेली साडी कोणी भरल्या किमतीत घेत नाही.

मोठ्या गाठींचे टायर चिखलात थोडे धरतात हे खरे, पण डांबरावर ते गुरगुरतात, जड चालतात आणि लवकर झिजतात. मधून सलग पट्टा आणि दोन्ही कडांना गाठी, असा टायर आपल्या मिश्र रस्त्याला बरा.

मग घ्यावे काय?

एका फेरीवाल्याने आम्हाला विचारले, "शेठ, आता जुनी विकून गिअरवाली घेऊ का?" आम्ही त्याला आधी त्याच्या फेरीतली गावे मोजायला लावली. कोणत्या गावात कोणत्या मापाची ट्यूब मिळते, ते पाहून ये म्हणालो. खेड्यातल्या पंक्चरवाल्याकडे २८ × १½ चा माल हमखास सापडतो, २९ चा क्वचित.

ज्याची मोठी सायकल धडधाकट आहे त्याने ती ठेवावी. मागचे चाक जाड तारा घालून नव्याने बांधून घ्यावे, आऊट नीट काढून घ्यावा, आणि महिनाभर बोजा वाहिल्यावर तारा पुन्हा एकदा ताणून घ्याव्यात. लोखंडी रिम ओली झाली की ब्रेक धरत नाही, एवढे पावसाळ्यात उतारावर ध्यानात ठेवावे.

नवी घेणाऱ्याने ५५९ किंवा ५८४ ची, ५० मिलिमीटरच्या आसपास टायर बसणारी, ३६ तारांची आणि साध्या ताठ चिमट्याची सायकल शोधावी. स्प्रिंगचा चिमटा स्वस्त सायकलला दिखाव्यापुरता असतो. तो वजन वाढवतो, लवकर खडखडतो, आणि धक्का खाण्याचे काम रुंद टायर फुकटात करतो. ज्याला रोज लांबचे डांबर कापायचे, बोजा दहा-पंधरा किलोच्या आत, जसे कामाच्या जागी औजारांची पिशवी नेणारे कारागीर, त्याने ६२२ ची सायकल ४० च्या टायरवर खुशाल घ्यावी. पाववाल्याची आणि कुल्फीवाल्याची फेरी बहुतेक गावातल्या गावात, त्यांना सव्वीस सोयीचे. धार लावणाऱ्याची गोष्ट निराळी: घोड्यावर उभ्या सायकलच्या मागच्या चाकावर त्याची सहाण फिरते, तेव्हा त्याला मोठे चाकच हवे.

मागचा टायर नेहमी आधी झिजतो. नवा आणला की तो पुढच्या चाकावर टाकावा आणि पुढचा अर्धवट झिजलेला मागे न्यावा, कारण पुढचा टायर चालत्या सायकलला फुटला तर माणूस तोंडावर पडतो. वेड्या बाभळीच्या काट्यांच्या भागात टायर आणि ट्यूबच्या मध्ये जुन्या ट्यूबची चिरलेली पट्टी अंथरावी. काढलेला झिजका टायरही फेकू नये. त्याचा वीतभर तुकडा कापून गेटर म्हणून पिशवीत ठेवला, तर वाटेत टायर चिरला तरी आतून तो लावून माणूस मालासह घरी पोहोचतो.